द्वीपावरील वीज आणि नारळाचे जैविक कीडनियंत्रण

लक्षद्वीपमध्ये वस्ती असलेल्या 10 बेटांपैकी प्रत्येकाची विद्युत यंत्रणा स्वतंत्र आहे. मुख्य भूमीच्या जाळ्याशी ती जोडलेली नाही. डिझेलवर चालणारी जनित्रे हाच तिचा मूळ आधार. हे डिझेल जहाजाने येते आणि पावसाळ्यात समुद्र खवळण्यापूर्वीच त्याचा साठा करावा लागतो. प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. सांडलेले डिझेल तेथवर झिरपू शकते.

कीटकशास्त्रज्ञाने यात लक्ष का घालावे? 2020 मध्ये येथील संपूर्ण शेतीक्षेत्र सेंद्रिय घोषित झाले. त्यामुळे नारळावरील गेंड्या भुंग्यासाठी रासायनिक कीटकनाशकाचा पर्याय उरत नाही. त्याच्या अळ्यांवर मेटारायझियम ही हिरवी बुरशी उपयुक्त ठरते. परंतु उष्ण, दमट हवेत तिच्या बीजाणूंची जीवनक्षमता लवकर घटते, म्हणून साठवणुकीचे शीतकपाट अखंड चालावे लागते. (गंधसापळ्याला वीज लागत नाही, ही त्याची मोठी सोय.)

सौर पॅनेल दिवसाच वीज देतात. शीतकपाटाला ती रात्रीही हवी. या दृष्टीने जानेवारी 2024 मध्ये कवरत्ती येथे राष्ट्रार्पण झालेला बॅटरीसह सौर प्रकल्प महत्त्वाचा आहे. अडचण जागेची आहे. सर्व बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस किलोमीटर, आणि त्यावर नारळाची दाट सावली. माझ्या मते आधी इमारतींची छपरे वापरावीत. पॅनेलसाठी माड तोडले आणि खोडे तशीच कुजत पडली, तर गेंड्या भुंगा त्यांतच अंडी घालतो.