कर्करोग कोठे होतो आणि का होतो

काश्मीरच्या खोऱ्यात थंडी पडू लागली की माणसे आपल्या सैल फिरनखाली कांगडी बाळगू लागतात. कांगडी म्हणजे काटक्यांच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे. त्यात निखारे घातलेले असतात. ती पोटाशी धरून किंवा मांड्यांमध्ये ठेवून तासन्‌तास बसण्याची तेथे पूर्वापार रीत आहे. वर्षानुवर्षे अशी धग लागल्याने तेथील कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात, त्वचा कोरडी व खरखरीत होते आणि काहींच्या बाबतीत उतारवयात त्याच जागी न भरणारा व्रण उद्भवतो. हा त्वचेचा कर्करोग होय. एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी त्याचा पाठपुरावा केला. पोटाच्या खालच्या भागावर अथवा मांडीच्या आतल्या बाजूस कर्करोग होणे अन्यत्र फारच विरळा. काश्मीरमध्ये तो होई, कारण कांगडी तेथे टेकलेली असे.

एखादा कर्करोग एका प्रदेशात विपुल आणि दुसऱ्या प्रदेशात दुर्मिळ का, या साध्या प्रश्नातूनच त्याच्या कारणांविषयीचे पुष्कळसे ज्ञान मिळालेले आहे. या शोधाचा आरंभ सामान्यतः लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांच्यापासून मानला जातो. धुराडी साफ करणाऱ्या लोकांना वृषणकोशाचा कर्करोग होतो, ही गोष्ट त्यांनी १७७५ मध्ये नोंदवली. चारपाच वर्षांची अनाथ वा गरीब मुले अरुंद धुराड्यांतून वर चढवली जात, काजळी त्यांच्या अंगाच्या सुरकुत्यांत साचून राही आणि रोग मात्र ती मुले मोठी झाल्यावर, कित्येकदा ते काम सोडल्यानंतरही, प्रकट होई. युरोप खंडातील धुराडी साफ करणाऱ्यांना हा विकार क्वचितच होत असे. हेन्री बटलिन यांनी १८९२ मध्ये याची चिकित्सा केली, तेव्हा त्या लोकांचे अंगभर घट्ट कपडे आणि नियमित स्नान यांचे महत्त्व ध्यानात आले. काजळीतील नेमका कोणता पदार्थ रोगास कारण होतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. तो ठाऊक नसतानाही रोग टाळता येत होता, हे विशेष. पुढे टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोघा संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून १९१५ मध्ये कर्करोग निर्माण करून दाखवला, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांनी डांबरातून बेन्झोपायरीन हे रसायन वेगळे काढले. पॉट यांच्या निरीक्षणापासून तेथवर दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती.

कारण आणि रोग यांत इतके अंतर का पडते, हे समजण्यासाठी पेशीकडे वळले पाहिजे. शरीरातील पेशी विभागतात, पण त्यांच्या विभाजनावर जनुकांचे नियंत्रण असते. रसायने, किरणोत्सर्ग, काही विषाणू किंवा विभाजनाच्या वेळी आपोआप होणाऱ्या चुका यांमुळे जनुकांत बिघाड होतो. एका बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. वाढीस चालना देणारी जनुके अनावर होणे आणि तिला आवर घालणारी जनुके निकामी होणे, अशा अनेक घटना एकाच पेशीच्या वंशात साचाव्या लागतात. त्याला दशके लागतात. म्हणूनच हा बहुतांशी उतारवयाचा रोग आहे, आणि म्हणूनच आयुर्मान वाढलेल्या देशांत त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. मराठीतील ‘कर्क’ हा शब्द ग्रीक वैद्यांच्या खेकड्याचेच भाषांतर आहे; परंतु खेकडा बाहेरून येऊन पकडतो, ही पेशी मात्र आपलीच असते.

विसाव्या शतकात सर्वांत मोठे कारण म्हणून तंबाखू पुढे आली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची तुलना करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्या अभ्यासाच्या ओघात डॉल यांनी स्वतःचे धूम्रपान सोडून दिले. नंतर त्यांनी ब्रिटनमधील सुमारे ४० हजार डॉक्टरांची नोंद पन्नास वर्षे ठेवली. जन्मभर सिगारेट ओढणारे इतरांच्या मानाने सरासरी दहा वर्षे आधी मरण पावतात, पण तिशीत ती सोडणाऱ्यांचा तोटा जवळजवळ सगळा भरून निघतो, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात तंबाखूने दुसराच मार्ग धरला. त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथे रोग्यांवर उपचार करणारे डॉ. ऑर यांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगावर १९३३ मध्ये लेख लिहिला. पान-तंबाखूचा तोबरा गालाच्या ज्या बाजूस धरला जाई, व्रणही तेथेच आढळे. आंध्रच्या किनाऱ्यावर काही स्त्रिया चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढत. त्यांना टाळूचा कर्करोग होई. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी अशा सवयींचा अभ्यास केला. कमरेशी घट्ट काचणाऱ्या धोतरामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचेही वर्णन त्यांनी केले. पुढे २००३ मध्ये लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारी हीदेखील कर्ककारक ठरवली. लग्नकार्यात मानाने पुढे केला जाणारा विडा या यादीत बसवणे कोणाच्याही जिवावर येईल. परंतु २०२२ च्या अंदाजाप्रमाणे जगात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रोगी झाले आणि त्यांतील सुमारे १ लाख ४४ हजार एकट्या भारतात होते.

त्याच वर्षी जगात सर्व प्रकारच्या कर्करोगांचे मिळून सुमारे २ कोटी नवे रोगी आढळले व ९७ लाख मृत्यू झाले. दर पाच माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात हा रोग होतो. फुप्फुसाचा कर्करोग सर्वांत जास्त बळी घेतो. त्याने १८ लाख माणसे दगावली. मद्य, लठ्ठपणा, प्रखर ऊन हीही कारणे आहेत. भारतात मात्र १४ लाख नव्या रोग्यांमागे सुमारे ९ लाख मृत्यू झाले. येथे रोग होण्याचे प्रमाण ऑस्ट्रेलियासारख्या देशाच्या चौथ्या भागाहूनही कमी आहे, पण तो झाल्यावर माणूस वाचण्याची शक्यताही कमी आहे. निदान उशिरा होते, रुग्णालय दूर असते, खर्च झेपत नाही.

जगातील दर शंभर नव्या कर्करोगांपैकी सुमारे तेरांच्या मुळाशी जंतुसंसर्ग असतो आणि त्यांचा मोठा वाटा गरीब देशांना येतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा त्यांपैकीच. तो पॅपिलोमा जातीच्या विषाणूंमुळे होतो, हे जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवले. त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लस २००६ पासून उपलब्ध आहे, तरी २०२२ मध्ये जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या रोगाने मरण पावल्या.

त्याच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ च्या सुमारास सुरू झाला. खेड्यांचे ५२ गट पाडून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची चार भागांत विभागणी करण्यात आली. तीन भागांत निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या भागातील स्त्रियांना केवळ माहिती देऊन नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडण्यात आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान असलेल्या गटात ६४. या आकड्यांच्या आधारे विषाणू-तपासणीचे महत्त्व अनेक देशांत मान्य झाले. त्या चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे कितपत उचित होते, यावर मात्र पुढे बराच वाद झाला.