पाठवला, पण पोचला का?

येवल्यातला एखादा पैठणीचा दुकानदार दिवाळीच्या आधी दहा हजार पत्त्यांवर ईमेल सोडतो, असं धरून चालू. पडद्यावर ‘सर्व मेल पाठवले’ अशी हिरवी पट्टी येते आणि तो गिऱ्हाइकांकडे वळतो. त्याचं काम संपलं. ज्या कंपनीच्या सेवेतून त्याने मेल पाठवले, तिचं काम मात्र त्याच क्षणी सुरू झालेलं असतं.

सेवेचा सर्व्हर जीमेल, याहू, आउटलुक यांच्या सर्व्हरना गाठतो आणि प्रत्येक पत्त्यासाठी एक छोटासा संवाद होतो. या संवादाची रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवली आणि आजही तो तीन अंकी आकड्यांतच चालतो. २५० म्हणजे मेल स्वीकारला. ४२१ म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने ये. ५५० म्हणजे या नावाचं इथे कोणी राहत नाही, किंवा तुला आत घ्यायचं नाही. ५५० आलेला पत्ता यादीतून ताबडतोब काढायचा आणि ४२१ आला तर दमाने, अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न करायचा. घाईने तोच दरवाजा ठोठावत राहणारा सर्व्हर संशयास्पद ठरतो.

खरी अडचण २५० मध्येच आहे. ‘स्वीकारला’ याचा अर्थ इनबॉक्समध्ये ठेवला असा नव्हे. जीमेल मेल स्वीकारतं आणि गुपचूप स्पॅममध्ये टाकतं. तसं केल्याचं पाठवणाऱ्याला कळवत नाही. दुकानदाराच्या अहवालात ‘९८ टक्के पोचले’ असं दिसतं आणि दुकानात मात्र कोणी फिरकत नाही. म्हणून पाठवण्याचा वेग किंवा देखणे साचे यांवरून एखादी सेवा जोखणं मला पटत नाही. कोणते मेल पाठवायला ती नकार देते, हे पाहावं.

असं म्हणण्याचं कारण साधं आहे. लहान व्यावसायिकांना स्वतंत्र आयपी पत्ता परवडत नाही; शेकडो दुकानदारांचे मेल एकाच आयपीवरून बाहेर पडतात. त्यातल्या एकाने कुठून तरी विकत आणलेली यादी चढवली, की सगळ्यांची पत घसरते. सुक्याबरोबर ओलंही जळतं. विकतच्या यादीत बहुतेकदा सापळ्याचे पत्तेही असतात: जे कोणत्याही माणसाचे नाहीत, ज्यांनी कधी कुठे नाव नोंदवलं नाही. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस ही संस्था अशा सापळ्यांवर येणारे मेल पाहून काळ्या याद्या बनवते आणि जगभरचे मेल-सर्व्हर त्या याद्या मानतात.

अटलांटाच्या मेलचिंपला हे लवकर शिकावं लागलं. बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस यांनी २००१ मध्ये जोडधंदा म्हणून सुरू केलेली ही सेवा २००९ मध्ये काही मर्यादेपर्यंत फुकट झाली आणि वर्षभरात वापरकर्ते सुमारे ८५ हजारांवरून साडेचार लाखांवर गेले. फुकट म्हटल्यावर फसवे लोकही आले. मग कंपनीला ‘ऑम्निव्होर’ नावाची यंत्रणा उभारावी लागली, जी यादी चढवताच तिच्यातले वाईट पत्ते हुंगते आणि संशयास्पद खातं थांबवते. बाहेरचं भांडवल न घेता वाढलेली ही कंपनी २०२१ मध्ये इंट्यूटने सुमारे १२ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. त्या किमतीत या नकार देणाऱ्या यंत्रणेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

फेब्रुवारी २०२४ पासून हा शहाणपणा सक्तीचा झाला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी आपल्या डोमेनवर ठेवाव्या लागतात, एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. आपल्या पैठणीवाल्याच्या हिशेबात ही मर्यादा म्हणजे दहा हजारांमागे तीस माणसं. तिसांनी वैतागून बटण दाबलं, की बाकीच्यांपर्यंतची वाट अवघड होते.

वैतागतात कोण? बहुतेकदा ज्यांना ‘नाव काढा’ हा दुवा सापडत नाही ते. दुकानदाराला तो दुवा बारीक, फिकट अक्षरांत दडवावासा वाटतो. चांगल्या सेवेने त्याला तसं करूच देऊ नये.

एका क्लिकच्या सोयीमागचं तंत्र २०१७ मध्ये ठरलं आणि त्यातली एक खुबी पाहण्यासारखी आहे. कार्यालयांतल्या सुरक्षा-यंत्रणा आलेल्या मेलमधला प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून तपासतात. नुसता दुवा उघडल्यावर नाव निघत असतं, तर या यंत्रणांनीच हजारो लोकांची नावं त्यांच्या नकळत काढली असती. म्हणून दुवा उघडणं पुरेसं नाही. वाचकाने बटण दाबल्यावर त्याचं मेल-ॲप ‘नाव काढा’ असा वेगळा निरोप पाठवतं, तेव्हाच नाव निघतं.

मराठीत मेल पाठवणाऱ्यांची इथे वेगळी अडचण आहे. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापून टाकतं. त्यात चित्रं मोजली जात नाहीत, पण साच्याचा सगळा कोड मोजला जातो. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या ‘क’ला तीन, आणि ‘की’ला सहा. सेवेने अक्षरं आकडी संकेतांत साठवली, तर ‘क’लाच सात. लांबलचक मराठी पत्र त्यामुळे लवकर कापलं जातं आणि कापलं जातं ते शेपटीकडून, म्हणजे नेमका ‘नाव काढा’ असतो तिथून. दुवा दिसला नाही, की हात स्पॅमच्या बटणाकडे जातो. पूर्वदर्शनातच वजनाचा इशारा देणं सेवेला मुळीच अवघड नाही, आणि भारतीय भाषांत धंदा करायचा तर ते हवंच.

अहवालांतही सुधारणा हवी. मेल उघडला की नाही, हे त्यात दडवलेल्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून मोजतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल-ॲप गोपनीयतेसाठी अशी चित्रं आधीच उतरवून ठेवतं. माणसाने मेलकडे पाहिलंही नसेल, तरी तो ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. हा आकडा अजूनही ठळक अक्षरांत मिरवणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे. आलेली उत्तरं, झालेली खरेदी आणि निघालेली नावं आधी दाखवावीत.

सगळ्यात अवघड जागा मात्र दरपत्रकात आहे. बऱ्याच सेवा यादीतल्या नावांच्या संख्येवर पैसे घेतात. वर्षभर ज्याने एकही मेल उघडला नाही, एकही दुवा दाबला नाही, तो पत्ता दुकानदाराची पत खातो आणि सेवेला मात्र कमाई देतो. मग यादी साफ करा, हे सेवा मनापासून कशी सांगणार? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं असं म्हटलं आहे. त्यामुळे कोणी, कधी, कशासाठी होकार दिला याची नोंद प्रत्येक पत्त्यामागे ठेवावी लागेल. ती नोंद असली, की प्रतिसाद देणाऱ्या माणसांवरच दर आकारणंही शक्य होतं. पहिल्या वर्षी सेवेचं उत्पन्न घटेल. पण उरलेल्या यादीचे मेल इनबॉक्समध्ये जातील, आणि दुकानदार पुढच्या दिवाळीलाही त्याच सेवेचे पैसे भरेल.