काचेवरचा वाटाड्या

कराडमध्ये राहणाऱ्या माणसाला वाट दाखवणारं यंत्र कशाला हवं, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला खेटून जातो. उत्तरेला सातारा-पुणे, दक्षिणेला कोल्हापूर, पूर्वेला विटा आणि पश्चिमेला पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण. हे चार रस्ते इथली शाळकरी पोरंही सांगतील. यंत्राची गरज पडते ती या रस्त्यांवरून फाटा फुटला की. लग्नसराईत पत्रिकेवर नुसतं गावाचं नाव असतं आणि मुहूर्त गाठायचा असतो, तेव्हा काचेवर चिकटवलेलं ते खोकं कामाला येतं.

2010च्या सुमारास मी ते घेतलं. तेव्हा गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत मॅपमायइंडिया, गार्मिन, सॅटगाइड ही नावं ऐकू यायची. माझं कुठल्या कंपनीचं हे सांगण्यात अर्थ नाही, त्या पिढीतल्या सगळ्यांचेच गुणदोष सारखे होते. सव्वाचार इंचांचा पडदा, मागे काचेला धरणारी रबरी वाटी, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये जाणारी वायर आणि कडेच्या खाचेत बसलेलं मेमरी कार्ड. सगळा नकाशा त्या कार्डात. सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. पडद्यावर बोट फिरवून भागत नाही, नखाने दाबावं लागतं. उन्हाळ्यात काच तापली की वाटी सुटते आणि खोकं डॅशबोर्डवर आपटतं. यावर एकच उपाय: काच पुसायची, वाटीला पाण्याचा हात लावायचा आणि पुन्हा दाबून बसवायची.

बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरू केलं की ते आधी आकाश शोधत बसतं. अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगमध्ये कितीही वेळ थांबलात तरी त्याला काही सापडत नाही, गाडी उघड्यावर काढावीच लागते. पडद्याच्या कोपऱ्यात उभे दांडे असतात. एकेक उपग्रह हाती लागला की एकेक दांडा भरतो. या वेळखाऊपणाला कारण आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि स्वतःची माहिती सेकंदाला अवघ्या 50 बिट या गतीने पाठवतात. एका उपग्रहाचा नेमका मार्ग कळायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक नव्याने घ्यायचं तर साडेबारा मिनिटं. म्हणून गाडी उघड्यावर काढून चहा होईपर्यंत थांबायचं आणि मगच निघायचं. चालत्या गाडीत, झाडाझुडपांतून हा शोध आणखी रेंगाळतो.

दांडे भरले की मात्र त्याची कमाल दिसते. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असतं. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा ठरते आणि चौथा लागतो तो खोक्यातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. एका मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे जमिनीवर 300 मीटरचा फरक. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार उपग्रहावरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तीही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते, नाहीतर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठली असती आणि कराडची गाडी भलत्याच गावात दिसली असती. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, ती शंभरेक मीटरपर्यंत जाई. ती मिसळणं बंद झालं आणि मगच गाडीतल्या या खोक्यांचा धंदा जमला.

जागा बिनचूक कळली म्हणजे गाव सापडलं असं नाही. नकाशातली नावं रोमन अक्षरांत. वडगाव व्हीने सुरू करायचं की डब्ल्यूने, इथूनच सुरुवात. वडगाव हवेली हवं असतं आणि यादीत राज्यभरातली वडगावं उभी राहतात. रेठरे टाकलं तर बुद्रुक की खुर्द हे नीट पाहून दाबावं लागतं, कारण मध्ये कृष्णा नदी आहे आणि चुकीच्या काठावर गेलात की पूल गाठायला मोठा वळसा. सवयीने एक युक्ती बसली. गावाचं नाव टाकायचंच नाही, पडद्यावरचा नकाशा सरकवत नेऊन हव्या त्या जागेवर नख टेकवायचं.

दुसरी गोम 'सर्वांत जवळचा रस्ता' या पर्यायात. तो निवडला की यंत्र किलोमीटर वाचवण्याच्या नादाला लागतं. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाणंद, कालव्याचा भराव आणि डांबरी रस्ता यांतला फरक त्याच्या कार्डात नीट नोंदवलेला नाही. एकदा शेणोलीकडून येताना त्याने गाडी उसातल्या वाटेला लावली. बांधावरचे एक आजोबा हात वर करून पुढे आले. "पावणं, कुठं निघालाय? ह्यो रस्ता उसातच संपतोय. ट्रॅक्टर जातोय, तुमची गाडी न्हाय जायाची." यंत्रातून बाईचा आवाज सरळ जायला सांगतच होता. मागच्या सीटवर वडील होते. ते म्हणाले, "तिला म्हणावं, जरा दम काढ. आजोबा बोलतायत ना." तेव्हापासून 'सर्वांत जलद रस्ता' हाच पर्याय कायम ठेवलाय.

कराडमध्येच त्याची सगळ्यात जास्त फजिती होते. महामार्ग आणि सेवारस्ता शेजारी शेजारी धावतात. यंत्राची चूक पाच-दहा मीटरची, आणि दोन्ही रस्त्यांतलं अंतरही तेवढंच. त्यातून ते तुमची खूण नेहमी जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. त्यामुळे तुम्ही सेवारस्त्यावर असता आणि ते महामार्गाच्या हिशोबाने सूचना देत राहतं. उंचीचा अंदाज तर त्याचा आणखी कच्चा, पुलावर आहात की पुलाखाली हे ते ओळखत नाही. महामार्गाच्या सहापदरीकरणात कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल पाडला गेला, पण माझ्या कार्डातल्या नकाशात तो अजून शाबूत आहे. महामार्गाचा क्रमांकही तिथे जुनाच, एनएच 4. आता तो 48 आहे. नकाशाची नवी आवृत्ती मिळणं कधीच बंद झालंय.

आता हेच खोकं घेऊन पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून पाहा. हेळवाक सोडून घाटमाथ्याकडे निघालं की धुकं काचेला लागतं आणि पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनासे होतात. कित्येक ठिकाणी मोबाईलची रेंज नाही. अशा वेळी पडद्यावर पुढच्या वळणाचा आकार दिसतो. किती आवळलेलं आहे, डावीकडे की उजवीकडे, लगेच दुसरं आहे की मध्ये सरळ पट्टा आहे, हे वळण येण्याआधी कळतं. मी नकाशा जवळून दाखवायला लावतो, आवाज बंद करतो आणि बाजूला बसणाऱ्याला पडदा वाचायला सांगतो. "डावं, अगदी आवळलेलं... मग जरा सरळ..." असं ऐकत खाली पोफळीपर्यंत उतरायचं. नजर रस्त्यावर, वेग अगदी कमी. तिथेही एक खोड आहेच. डोंगराची भिंत अर्धं आकाश अडवते, खडकावरून परतलेले संदेश मिसळतात आणि वळणं एकाखाली एक असल्याने खूण मधूनच खालच्या वळणावर उडी मारते. दोन-तीन सेकंदांत परत येते. त्या वेळात पडद्यावर विसंबायचं नाही, एवढं बाजूच्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

एप्रिल 2019 पासून खोक्याची तारीख चुकायला लागली. जीपीएस आठवडे मोजतं ते शून्यापासून 1,023 पर्यंत, मग पुन्हा शून्य. पहिली फेरी ऑगस्ट 1999 मध्ये संपली, दुसरी एप्रिल 2019 मध्ये. ज्यांच्या प्रणालीत पुढची तरतूद नव्हती, अशी जुनी यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. नेमका हिशेब 19 वर्षं आणि साडेसात महिन्यांचा, त्यामुळे महिनाही बदलतो. जूनमध्ये माझ्या खोक्याला नोव्हेंबर वाटतो. ते तारखेवरून सूर्यास्त काढतं आणि संध्याकाळी सहालाच पडदा रात्रीच्या काळ्या रंगात नेतं, बाहेर अजून तासाभराचं ऊन असताना. जागा मात्र तितकीच बिनचूक दाखवतं.

यंत्र जुनं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय जुनं होतं ते इथे कळतं. आकाशातून येणारं उत्तर आजही ताजं असतं, शिळा होतो तो कार्डातला नकाशा. म्हणून जिथे रोज खोदकाम चालू आहे त्या कराड-मलकापुरात ते बिनकामाचं आणि ज्या घाटाची वळणं डोंगराने ठरवून दिली आहेत तिथे ते अजून खरं. फोनचं बलस्थान उलटं आहे. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवून बसले की फोन लाल रेघ दाखवतो, कारण पुढे अडकलेल्यांचे फोन त्याला ते कळवतात. खोक्याला हे कधीच कळणार नाही. ते फक्त ऐकतं. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहालाही ठाऊक नसतं आणि कंपनीलाही.

भारताच्या स्वतःच्या उपग्रह प्रणालीचा, नाविकचा, या खोक्याला उपयोग नाही. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह वेगळ्या लहरींवर बोलतात, आणि मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून जीपीएसच्या ओळखीच्या लहरींवरही संदेश येऊ लागले, तरी ते समजून घेणारी चिप या खोक्यात नाही. जुन्या बाजारात असं यंत्र स्वस्तात मिळालं तर शहरासाठी घेऊ नका. कोकणात वारंवार उतरत असाल तर जरूर घ्या. फक्त त्याआधी त्याच्या नकाशात तुमचा घाट उघडून वळणं नीट काढली आहेत का ते पाहा, तारखेकडे लक्ष देऊ नका, आणि दुकानदाराकडून रबरी वाटी मात्र नवी मागून घ्या.