सर्पदंशावरील लस : पावसाळ्यापूर्वी करावयाची चौकशी

मृगाचा पाऊस पडला म्हणजे शेतीच्या कामांना वेग येतो आणि त्याच सुमारास बिळांत पाणी शिरल्यामुळे सापही बाहेर पडू लागतात. पेरणी, भातलावणी, निंदणी व पुढे गवतकापणी ह्या सर्व कामांत साप जेथे आसऱ्याला असतो तेथेच शेतकऱ्याचे हातपाय वावरत असतात. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून खेडोपाडी त्यास 'लांबडे' अथवा 'जनावर' म्हणतात, आणि दंश झाल्यास 'पान लागले' असे म्हणतात. परंतु नाव टाळल्याने संकट टळत नाही. भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. ह्यांपैकी सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्यातील होते, चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते, आणि बहुतेक माणसे खेड्यांत, आपल्या घरीच दगावली.

ह्या शेवटच्या गोष्टीचा विचार प्रत्येक गावाने करावयास हवा. सर्पविषावर गुणकारी औषध उपलब्ध आहे. सरकारी रुग्णालयांत ते विनामूल्य दिले जाते. असे असूनही माणूस घरी दगावतो, तेव्हा रोगी आणि औषध ह्यांची वेळेवर गाठ पडली नाही, हेच त्याचे कारण असते. ही गाठ घालून देण्याची तयारी दंश झाल्यानंतर करून भागत नाही. ती पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

चार विषारी साप

आपल्याकडे माणसाचे प्राण घेणारे मुख्य साप चार आहेत : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग फण्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. मण्यार निळसर काळी असून तिच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, असतात. घोणस जाड व तपकिरी असते; तिच्या पाठीवर साखळीसारखे गर्द ठिपके दिसतात व ती मोठ्याने फूत्कार टाकते. फुरसे लहान असते, पण डिवचले असता वेटोळे घालून अंग अंगावर घासते व करवतीसारखा आवाज करते. कोकणातील कातळावर व माळरानावर त्याचा उपद्रव विशेष आहे.

नाग व मण्यार ह्यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही व शेवटी श्वास बंद पडतो. घोणस व फुरसे ह्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते. घोणसेच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

ह्यांत मण्यारीचा दंश सर्वांत फसवा असतो. जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसास ती रात्री चावते. वेदना फारशी होत नाही, सूज येत नाही आणि दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. काही तासांनी रोगी पोटात कळ येऊन जागा होतो, त्यास उलटी होते; घरची मंडळी अजीर्ण समजून ओवा देतात. पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत. तोपर्यंत हातचा बहुमोल वेळ निघून गेलेला असतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या निरोगी माणसाचे रात्री अकस्मात पोट दुखू लागले व पापण्या जड झाल्या, तर मण्यारीची शंका घेऊन त्यास रुग्णालयात न्यावे.

लस म्हणजे काय

सर्पविषावरील औषधास शास्त्रात प्रतिविष म्हणतात. व्यवहारात त्यासच 'सापाची लस' म्हणतात. परंतु ही लस रोग होण्यापूर्वी टोचून घेण्याची नाही. विष अंगात भिनल्यावरच ती द्यावयाची असते. १८९४ साली फ्रान्समध्ये फिसालिक्स व बर्त्रां ह्यांनी, तसेच कालमेत ह्यांनी स्वतंत्रपणे, तिचे तत्त्व सिद्ध केले. सापाचे विष अत्यल्प मात्रेत घोड्यास टोचतात व ती मात्रा हळूहळू वाढवीत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील ही द्रव्ये शुद्ध करून घेतात. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेने ह्या कामी मोठी कामगिरी बजावली आहे. लसीसाठी लागणाऱ्या विषाचा पुरवठा करण्यात तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या, सहकारी संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

भारतात तयार होणारी लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवितात. साप मारण्याच्या खटपटीत दुसऱ्या माणसास दंश होतो, आणि तुटलेले डोकेही काही काळ चावू शकते. मात्र सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या चापड्यासारख्या इतर सापांच्या विषावर ही लस उपयोगी पडेल असे धरून चालता येत नाही. त्या रोग्यावर लक्षणांप्रमाणे अन्य उपचार करावे लागतात.

लस गावातच का ठेवू नये

लस सरपंचांच्या अथवा पोलीस पाटलांच्या घरी ठेवली तर वेळ वाचेल, अशी सूचना पुष्कळदा पुढे येते. ती हेतूने चांगली असली तरी घातक आहे. लस घोड्याच्या रक्तापासून तयार झालेली असल्याने काही रोग्यांस तिची तीव्र बाधा होते. अंगावर गांध्या उठतात, धाप लागते, रक्तदाब एकाएकी उतरतो. अशा वेळी अॅड्रेनलिनचे इंजेक्शन तात्काळ द्यावे लागते. लस शिरेतून, सलाईनमधून, सुमारे तासाभरात द्यावयाची असते. तेव्हा हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

दंश झाला म्हणून लगेच लस दिलीच पाहिजे असेही नाही. विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही. विषाची लक्षणे दिसल्यावर किंवा रक्ताची तपासणी झाल्यावर लस देतात. रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात. तेवढ्या वेळात ते गोठले नाही, तर विष भिनले असे समजतात. लक्षणे नसली तरी रोग्यास २४ तास देखरेखीखाली ठेवतात. डॉक्टरांनी लस न देता केवळ लक्ष ठेवले, म्हणजे हयगय केली, असा गैरसमज नातेवाइकांनी करून घेऊ नये व रोग्यास घरी नेऊ नये.

पहिली मात्रा दहा कुप्यांची

लसीच्या उपलब्धतेचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पहिली मात्राच साधारणपणे १० कुप्यांची असते. लहान मुलासही तेवढीच मात्रा लागते, कारण साप मुलास कमी विष टोचीत नाही. घोणस व फुरशाच्या दंशात एकूण ३० कुप्यांपर्यंतही गरज पडू शकते. म्हणून आरोग्य केंद्रात दोन-तीन कुप्या असणे म्हणजे लस उपलब्ध असणे नव्हे. एका रोग्याची पहिली मात्रा पूर्ण होईल इतका साठा तरी जवळच्या केंद्रात असावा, म्हणजे ती सुरू करून रोग्यास मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करता येते. नाग व मण्यारीच्या दंशात लसीबरोबरच कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय लागते; ती कोठे आहे हेही ठाऊक असले पाहिजे.

दंश झाल्यावर

रोग्यास प्रथम धीर द्यावा. त्यास चालू अथवा धावू देऊ नये. हाड मोडल्यावर बांधतो तशी कामटी किंवा फळी लावून दंश झालेला हात अथवा पाय स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज येण्यापूर्वीच काढावेत. दंशाच्या वर दोरी आवळून बांधू नये. त्याने अवयव सडतो आणि दोरी सोडताच विष एकदम पसरते. जखम चिरू नये, चोखू नये, तिच्यावर बर्फ, चुना अथवा झाडपाला लावू नये. रोग्यास दारू पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकलवर न्यावयाचे झाल्यास रोग्यास दोघांच्या मध्ये बसवावे. जेथे रस्ता नाही अशा पाड्यावरून डोलीने रस्त्यापर्यंत आणावे व वाहन तेथे बोलावून ठेवावे.

मांत्रिकाच्या हातून पुष्कळ माणसे बरी झाली, असे अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात. त्याचे कारण साधे आहे. चावणाऱ्या सापांत बिनविषारी साप पुष्कळ असतात, आणि विषारी सापाचा दंशही कधी कोरडा असतो. अशी माणसे मंत्राविनाही बरी झाली असती. ज्याच्या अंगात विष भिनले आहे, त्याचा मात्र देवळात गेलेला प्रत्येक तास विषाच्या पथ्यावर पडतो. गावातील मांत्रिकाशी वाद घालण्यापेक्षा, पान लागलेला रोगी आल्यास त्याने स्वतः गाडी बोलावून द्यावी, असे त्यास समजावून सांगणे अधिक हिताचे ठरते. लोकांचा त्याच्यावर विश्वास असल्याने त्याचे शब्द लवकर मानले जातात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाबाबत राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याची खरी कसोटी गावातच लागणार आहे. ज्येष्ठ महिना लागण्यापूर्वी कार्यकर्त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुढील चौकशी करावी : लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, रात्री डॉक्टर हजर असतात काय, आणि साठा कमी असल्यास मागणी केव्हा नोंदविली आहे. साठा अपुरा आढळल्यास ग्रामपंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस लेखी कळवावे. रात्री-अपरात्री वाहन देणाऱ्या दोन माणसांची नावे ठरवून ठेवावीत.

घराघरांतून सांगावयाच्या गोष्टीही थोड्याच आहेत. शक्यतो खाटेवर निजावे; मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. रात्री बॅटरी व काठीवाचून बाहेर पडू नये. कडबा, सरपण व गोवऱ्या घरापासून दूर रचाव्यात आणि त्यांत एकदम हात घालू नये. धान्याची साठवण बंदोबस्ताने करावी. उंदीर घटले म्हणजे त्यांच्या मागे येणारा सापही घराकडे फिरकत नाही. शेतात गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावेत.

चौकशी पुरी झाल्यावर चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत चार ओळी लिहून काढाव्यात : लस मिळण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण, तेथील दूरध्वनी क्रमांक, वाहन देणाऱ्यांची नावे आणि १०८ हा क्रमांक. दरवर्षी मृगापूर्वी ह्या ओळी पडताळून नव्याने रंगवाव्यात. मध्यरात्री एखाद्या घरी पान लागले, तर त्या घरच्या माणसांस कोठे जावे हे विचारीत फिरण्याची वेळ येऊ नये.