नवी सेडान की सेकंड हँड? पुण्यात गाडी घेण्याआधी हे गणित मांडा

कोथरूडमधलं चौघांचं एखादं कुटुंब घ्या. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलं शाळेत, गावी आजी-आजोबा. दहा वर्षांची हॅचबॅक आता कमी पडते. डिक्कीत दोन बॅगा ठेवल्या की जागा संपते. मोठी सेडान घ्यायची हे ठरलंय, पण नवी की सेकंड हँड, यावर घरात एकमत होत नाही. नवी ऑन-रोड 16 लाखांच्या पुढे जाते. तीच गाडी चार वर्षं जुनी मिळाली, तर निम्म्याच्या आसपास पैशांत काम होतं.

मग जुनीच घ्यावी का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. गाडी किती वर्षं ठेवणार, यावर ते अवलंबून आहे. टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

मध्यम आकाराची सेडान म्हणजे नेमकी कोणती?

नव्या गाड्यांमध्ये या गटात मुख्यतः चार नावं आहेत: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. शेवटच्या दोन पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होतात. मारुती सियाझ 2025 मध्ये बंद झाली, टोयोटा यारिस 2021 मध्येच गेली. या दोन्ही आता फक्त सेकंड हँड बाजारात मिळतात.

डिझेल हवं असेल, तरी जुन्याच बाजारात जावं लागेल. सिटी आणि व्हर्नाचं डिझेल 2023 मध्ये बंद झालं. स्लाव्हिया आणि व्हर्टस तर पहिल्यापासून फक्त पेट्रोलवरच आल्या.

डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर यांनाही आपण सेडानच म्हणतो, पण त्यांची लांबी चार मीटरच्या आत ठेवलेली असते. डिझायर 3,995 मिलिमीटर लांब आहे, व्हर्टस 4,561. डिक्कीतला फरकही मोठा आहे: डिझायरची 382 लिटर, व्हर्टसची 521 लिटर. अर्ध्या मीटरचा हा फरक करातही दिसतो.

जीएसटी कमी झाल्याने काय बदललं?

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांचे जीएसटी दर बदलले. चार मीटरपेक्षा लांब आणि 1,500 सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 17 टक्के उपकर, असा 45 टक्के कर होता. तो आता सरळ 40 टक्के आहे. चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर मात्र 29 वरून 18 टक्क्यांवर आला.

म्हणजे 14 लाखांच्या मोठ्या सेडानची किंमत कराच्या हिशेबाने साधारण 48 हजारांनी उतरते, तर 9 लाखांची छोटी सेडान सुमारे 77 हजारांनी. छोटी सेडान किमतीने कमी असूनही तिची बचत जास्त आहे.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यासाठी यात एक मुद्दा आहे. नवी स्वस्त झाली की जुनीची किंमतही त्याच प्रमाणात खाली यायला हवी. विकणारा 2025 च्या सुरुवातीच्या ऑन-रोड किमतीवरून हिशेब सांगत असेल, तर आजच्या किमतीवरून बोलणी सुरू करा.

'जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी' म्हणजे काय?

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर यावर बराच गोंधळ झाला होता. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, तर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो. डीलरने 7 लाखांना घेतलेली गाडी 7 लाख 60 हजारांना विकली, तर 18 टक्के फक्त 60 हजारांवर, म्हणजे 10,800 रुपये. नोकरदार माणसाने आपली गाडी दुसऱ्याला विकली, तर हा कर लागत नाही.

ऑन-रोड किमतीतले कोणते पैसे परत मिळत नाहीत?

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहन कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यापुढे 13 टक्के आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. 14 लाखांच्या पेट्रोल गाडीला हा कर 1 लाख 68 हजार होतो. पहिला मालक तो भरतो. गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली, तर दुसऱ्या मालकाला पुन्हा भरावा लागत नाही. सेकंड हँड गाडी स्वस्त पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

शोरूम किंमत 10 लाखांच्या वर असेल, तर एक टक्का टीसीएसही कापला जातो. तो मात्र वाया जात नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो मागता येतो.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसली, तरी हाच मुद्दा उलटा लागू होतो. तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो आणि आधीच्या राज्यातला परतावा मिळवण्यासाठी तिकडे खेटे घालावे लागतात.

आता मुख्य गणित: वर्षाला गाडी किती रुपयांना पडते?

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब करा.

नवी गाडी: शोरूम किंमत 14 लाख, वाहन कर 1.68 लाख, विमा आणि इतर खर्च 60 हजार. एकूण 16.28 लाख.

- पाच वर्षांनी 7.5 लाखांना विकली, तर 8.78 लाख गेले. वर्षाला साधारण 1.76 लाख.
- दहा वर्षांनी 3.5 लाखांना विकली, तर 12.78 लाख गेले. वर्षाला साधारण 1.28 लाख.

चार वर्षं जुनी तीच गाडी: किंमत 8.5 लाख, नावावर करणं, टायर, बॅटरी आणि सुरुवातीची कामं मिळून 60 हजार. एकूण 9.1 लाख.

- पाच वर्षं वापरून 4 लाखांना विकली, तर 5.1 लाख गेले. वर्षाला साधारण 1.02 लाख.

दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला जुनी गाडी वर्षाला 73 हजारांहून अधिक वाचवून देते. पण नवी गाडी दहा वर्षं ठेवणाऱ्याशी तुलना केली, तर फरक उरतो फक्त 26 हजारांच्या आसपास. पाच ते नऊ वर्षांच्या गाडीत क्लच, सस्पेन्शन, एसी यांची कामं निघतातच. दुरुस्तीवर वर्षाला 20-25 हजार जादा गेले की हा फरक संपतो.

थोडक्यात, गाडी लवकर बदलायची असेल तर जुनी घेणं फायद्याचं. एकदा घेतली की मुलं कॉलेजला जाईपर्यंत तीच चालवायची असेल, तर नवी घेणं वाटतं तितकं महाग नाही.

कर्ज काढायचं असेल तर?

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो. नव्या गाडीसाठी 12 लाख 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 24,900 रुपये आणि एकूण व्याज 2.95 लाख. जुन्या गाडीसाठी 6 लाख 13 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे 13,650 आणि व्याज 2.19 लाख. कर्ज निम्मं झालं, पण व्याज फक्त पाऊण लाखाने कमी झालं. जुनी गाडी घ्यायची तर शक्य तितकी रक्कम रोख भरा आणि मुदत कमी ठेवा.

तेवढ्याच पैशांत छोटी नवी सेडान का नको?

अनेक घरांत खरा पेच हाच असतो. 9 लाखांत जुनी मोठी घ्यायची की नवी छोटी? नव्या छोट्या सेडानला वॉरंटी असते, सुट्या भागांचा खर्च कमी असतो आणि पेठांमधल्या गल्लीत किंवा सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये ती सहज बसते. आधीच्या पिढीतल्या काही छोट्या सेडान सुरक्षेत कमी पडत होत्या, ते चित्रही बदलतंय. नव्या डिझायरला नोव्हेंबर 2024 मध्ये ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले.

मोठ्या सेडानचा फायदा मागच्या सीटवर आणि हायवेवर जाणवतो. स्लाव्हिया आणि व्हर्टसला एप्रिल 2023 मध्ये, तर नव्या व्हर्नाला ऑक्टोबर 2023 मध्ये पाच तारे मिळाले. पण हे तारे त्या पिढीच्या गाडीचे आहेत. 2019 ची व्हर्ना दाखवून कुणी 'फाइव्ह स्टार' म्हणत असेल, तर ते खरं नाही.

महिन्यातून दोनदा सातारा-कोल्हापूर किंवा एक्स्प्रेस वेने मुंबई होत असेल, तर मोठी गाडी उपयोगी पडेल. रोजचं घर ते ऑफिस आणि वर्षातून एकदा गाव एवढाच वापर असेल, तर नवी छोटी सेडान जास्त शहाणपणाची.

पुण्यात जुनी गाडी घेताना पुराचा धोका का बघायचा?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा शहराच्या दक्षिण भागात उभ्या गाड्या वाहून गेल्या. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या आवारात पाणी भरलं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं. अशी भिजलेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सुरुवातीला ती व्यवस्थित चालते, पण काही महिन्यांनी वायरिंग आणि सेन्सर एकेक करून बंद पडू लागतात. वर्षाला 26 हजारांचा जो फरक वाचवायचा होता, तो अशा एकाच दुरुस्तीत जातो.

गाडी बघताना हे तपासा:

- सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर मातीचा डाग किंवा पाण्याची रेषा दिसते का?
- सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का?
- डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का? मॅटखाली कुबट वास येतो का?
- हेडलाइटच्या आत धुकं धरलंय का?
- सगळ्या काचांवरचं उत्पादन वर्ष जुळतं का? एखादी वेगळी असेल, तर कारण विचारा.
- बॉनेट आणि दरवाजांच्या बोल्टवरचा रंग उडालाय का? उडाला असेल, तर पार्ट खोलले गेलेत.
- इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागवा आणि त्यातले किलोमीटर मीटरशी ताडून पाहा. विमा क्लेमचा इतिहासही मागा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये वाया जात नाहीत.

डिझेल आणि ई20 चं काय?

2020 नंतरच्या बीएस6 डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. रोज आठ-दहा किलोमीटर, तेही विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीत, असा वापर असेल तर हा फिल्टर तुंबतो. शहरातल्या वापरासाठी जुनं डिझेल टाळलेलं बरं.

पेट्रोल पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला अनुरूप आहेत. त्याआधीची गाडी घेत असाल, तर इंधनाच्या झाकणावरचं लेबल आणि मॅन्युअल वाचा.

कागदपत्रांत कुठे फसायला होतं?

- आरसी: मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चेसिस नंबर जुळतो का, हे परिवहन पोर्टलवर तपासा. बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा.
- नाव बदलणं: फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत हस्तांतर करा. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवणं कायद्याने अपेक्षित आहे. तुम्ही जुनी गाडी विकत असाल, तर जास्त काळजी घ्या. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय.
- डीलर: 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओकडून अधिकृत नोंदणीची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र मागा.
- विमा: पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो विकणाऱ्याकडेच राहतो.
- ई-चलन आणि नंबरप्लेट: थकीत दंड व्यवहाराआधी भरायला लावा. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल, तर एचएसआरपी बसवली आहे का ते पाहा.

मग कोणी काय घ्यावं?

- आठ-दहा वर्षं ठेवणार, हप्ता झेपतो, हायवे प्रवास जास्त: नवी मोठी सेडान.
- चार-पाच वर्षांत बदलणार, बरीच रक्कम हातात आहे: तीन-चार वर्षं जुनी, एकाच मालकाची, पूर्ण सर्व्हिस नोंद असलेली मोठी सेडान.
- बजेट 9 लाख, वापर मुख्यतः शहरात, गॅरेजच्या फेऱ्या नकोत: नवी छोटी सेडान.
- गाडी आवडली, पण सर्व्हिस नोंद मिळत नाही: किंमत कितीही कमी असली, तरी सोडून द्या.

शोरूममध्ये किंवा डीलरकडे टोकन देण्याआधी घरी बसून एका कागदावर तीन आकडे लिहा: आज एकूण किती जाणार, किती वर्षं ठेवणार आणि विकताना किती येतील. पहिल्यातून तिसरा वजा करून दुसऱ्याने भागा. नवी की जुनी, हा घरातला वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.