विश्लेषण : भूतानला मदत किती? दक्षिण आशियाशी तुलना करताना गफलत कुठे होते?

भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परदेशांना द्यायच्या मदतीत सर्वात मोठा वाटा पुन्हा भूतानचाच होता. भूतानसाठी २,१५० कोटी रुपये, नेपाळसाठी ७०० कोटी आणि बांगलादेशसाठी १२० कोटी. भूतानची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही कमी. तरीही जागतिक बँकेच्या आकडेवारीतून ‘भूतान विरुद्ध दक्षिण आशिया’ असा विकास मदतीचा आलेख काढला, तर भूतानची रेषा तळाला चिकटलेली दिसते. असे का?

अधिकृत हस्तांतरण म्हणजे काय?

दुसऱ्या देशाच्या सरकारकडून किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेकडून सरकारला मिळालेली, परत न करायची मदत. आखातात राबणाऱ्या कामगाराने घरी पाठवलेले पैसे यात येत नाहीत; ते खासगी हस्तांतरण. नेपाळची मोठी मदार त्यावर आहे, भूतानची सरकारी अनुदानावर. अनुदानाचेही दोन भाग पडतात. रोजच्या सरकारी खर्चासाठी आलेले चालू खात्यात, तर रस्ते-धरणांसाठी आलेले भांडवली खात्यात नोंदले जाते. एकच खाते पाहिले की निम्मे चित्र सुटते.

भारताचा पैसा तक्त्यात का दिसत नाही?

खरी मेख इथे आहे. जागतिक बँकेचे विकास मदतीचे आकडे ‘ओईसीडी’ या देशगटाकडून येतात. भारत त्या गटाच्या मदत समितीचा सदस्य नाही आणि आपली मदत तिथे नोंदवत नाही. त्यामुळे भूतानचा सर्वात मोठा देणगीदारच त्या तक्त्यातून गायब असतो. जपान किंवा आशियाई विकास बँकेची मदत मात्र दिसते. शेजारी देशांच्या बाबतीत ही त्रुटी फारशी जाणवत नाही, भूतानच्या बाबतीत ती सगळा निष्कर्षच फिरवते. एकाच शेजाऱ्यावर असलेले अवलंबित्व आकड्यांत उमटतच नाही.

दरडोई हिशेब काय सांगतो?

वरच्याच तरतुदी लोकसंख्येने भागल्या, तर भूतानच्या वाट्याला माणशी २७ हजार रुपयांहून अधिक, नेपाळच्या वाट्याला साधारण २४० रुपये आणि बांगलादेशच्या वाट्याला जेमतेम ७ रुपये येतात. अर्थात, भूतानच्या तरतुदीत कर्जाचाही भाग असतो आणि कर्ज हे हस्तांतरण नव्हे.

हा फरक जलविद्युत प्रकल्पांत स्पष्ट दिसतो. १,०२० मेगावॉटच्या ताला प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले. पुढे ७२० मेगावॉटच्या मंगदेछू प्रकल्पात अनुदान ३० टक्क्यांवर आले, कर्ज ७० टक्के झाले. दोन्हीकडे मदत करणारा भारतच, पण हस्तांतरणाचा वाटा निम्मा. या प्रकल्पांची वीज भारत विकत घेतो, तो पैसा निर्यातीत मोजला जातो.

आता हे महत्त्वाचे का?

डिसेंबर २०२३ मध्ये भूतान ‘अल्पविकसित देशां’च्या यादीतून बाहेर पडला. या यादीतील देशांना मिळणाऱ्या सवलती आता टप्प्याटप्प्याने कमी होत जातील. त्याच वेळी १३ व्या पंचवार्षिक योजनेसाठी (२०२४-२९) भारताने १०,००० कोटी रुपयांचे सहाय्य जाहीर केले, आधीच्या योजनेच्या जवळपास दुप्पट. यातला किती पैसा कोणत्या खात्यात जमा होतो, हे भूतानच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे रॉयल मॉनेटरी ऑथॉरिटीच्या, ताळेबंदात पाहावे लागेल.