सांडपाणी कोलारला, टोमॅटो बेंगळुरूला

माझ्या कोरमंगलातल्या स्वयंपाकघरात टोमॅटो येतो कोलारचा, आणि भांडी विसळलेलं पाणीही शेवटी कोलारकडेच जातं. 2018 पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून त्या दुष्काळी जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडतात. योजना रोज 44 कोटी लिटरची.

कोलारला बारमाही नदी नाही. हजार फुटांखाली जाऊनही बोअर कोरडे निघत. आता पाणी पंपाने लक्ष्मीसागरच्या तळ्यात चढवतात. तिथून ते जुन्या ओढ्यांनी तळ्यातळ्यांतून उतरत जातं. थेट उपसायला बंदी आहे. पाणी मुरावं, भूजल वाढावं, एवढाच हेतू.

मागच्या हिवाळ्यात एका तळ्याकाठी गेले. पाण्यावर हिरवट साय होती. शेजारच्या शेतकऱ्याने बोअर सुरू केला, ओंजळ भरली आणि माझ्यापुढे धरली. "वास घ्या, अक्का. टोमॅटोला चालतं. नातवाला देत नाही."

त्याचं म्हणणं मला पटतं. शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावरच थांबतं. तिसरा टप्पा शहराने स्वतःच्या खर्चाने करायला हवा. शहर आणि गावं हा एकच प्रदेश मानला, तर हिशेबही एकच हवा, आणि त्यात गावाचा शब्द हवा. आज तो सहज ऐकला जात नाही: बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या 13 गावांनी आपली 1,777 एकर जमीन वाचवायला तीन वर्षांहून अधिक काळ धरणं धरलं, तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये सरकारने संपादन सोडलं.

निघताना त्याने पिशवीभर टोमॅटो दिले. पैसे घेतले नाहीत.